डाव, तोड आणि कायदा

पडद्यावरच्या द्वंद्वयुद्धांविषयी गंभीरपणे लिहावे की लिहू नये, याबद्दल आमच्या वाचकांत दोन मते असू शकतील. 'पोरांचा खेळ' एवढ्या दोन शब्दांत या विषयाची वासलात लावणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या गोष्टीला स्वतःचा आकार आहे, नियम आहेत, तीन दशकांहून मोठी परंपरा आहे आणि जी पाहताना जाणत्या प्रेक्षकाच्या तोंडून आपोआप 'वाहवा' निघते, तिला समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर उभे करण्यास सबळ कारण आम्हांस दिसत नाही. नाटकाची समीक्षा होते, तमाशाची होते, कुस्तीच्या फडाचीही होते; मग या खेळांनीच काय पाप केले आहे?

प्रस्तुत लेखात आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. ज्या लढतीत कोणाच्याही हाती शस्त्र नाही, तिच्यातील डाव परस्परांशी तोलावे कसे? कोणता डाव न्याय्य, कोणता अन्याय्य, आणि अन्याय्य ठरलेल्या डावाचा बंदोबस्त कोणी करावा, खेळाडूने की नियमकर्त्याने? खेळ रचणाऱ्यांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. कुस्तीच्या आखाड्यात तो शतकानुशतके उभा आहे. आणि ज्यांचा कायद्याशी नित्याचा संबंध येतो, त्यांस तो परका वाटण्याचे कारणच नाही.

'निःशस्त्र' या शब्दाला कायद्यात किती वजन आहे, हे सिल्वासाच्या रहिवाशांस निराळे सांगावयास नको. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाल्यावर, दमणहून या मुलखात येण्याजाण्याचा हक्क मागत पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने या हक्काचे दोन भाग केले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ साली त्या वाटेने जाण्याचा हक्क होता. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तो नव्हता. हा दुसरा भाग आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही न्यायालयाने ठरविले. वाट तीच, वाटसरूही कदाचित तोच. हाती काय आहे एवढ्यावरून हक्काचे स्वरूप पालटले.

याचे कारण उघड आहे. शस्त्र हे बाहेरून आणलेले बळ होय. ते बाजूला ठेवले की उरते ते शरीर, आणि शरीराने कमावलेली विद्या. तलवारीच्या लढतीत हरणारा तलवारीला दोष देऊ शकतो. रिकाम्या हाताने हरणाऱ्यापुढे दोनच वाटा राहतात: दोष स्वतःला द्यावा, नाही तर नियमांना. म्हणून निःशस्त्र लढतीचे नियम करणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते.

पडद्यावरच्या या प्रकाराचा मूळ ग्रंथ म्हणून जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर टू' या खेळाकडे बोट दाखविता येते. तो १९९१ साली आला. पार्लरातील यंत्रात नाणे टाकावे, एक दांडी आणि सहा कळा हाती घ्याव्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे, असा तो प्रकार. सहांपैकी तीन कळा ठोशांच्या, तीन लाथांच्या. प्रत्येकी एक हलकी, एक मध्यम आणि एक जड. नव्वदीच्या दशकात आपल्या शहरांतील मुलांनी अशा यंत्रांपुढे किती दुपारी घालविल्या, ते त्यांच्या पालकांना ठाऊक आहे.

खेळाची बांधणी वरवर दिसते त्याहून सूक्ष्म आहे. पडद्यावर सेकंदाला सुमारे साठ चित्रे सरकतात आणि प्रत्येक डाव या चित्रांनी मोजलेला असतो. त्याचे तीन भाग पडतात: हात उचलण्याचा, घाव लागण्याचा, आणि हात मागे घेऊन सावरण्याचा. हलका ठोसा लवकर सुटतो आणि लवकर सावरतो, पण मार थोडा देतो. जड लाथ मार पुष्कळ देते, पण तिला उशीर लागतो, आणि ती चुकली तर मारणारा क्षणभर उघडा पडतो. येणारा घाव हात आडवे धरून थोपविता येतो. थोपवीत बसलेल्याला जवळ जाऊन पकडीने फेकता येते. आणि पकडीसाठी जवळ येणाऱ्याला ठोशाने रोखता येते. घाव, बचाव, पकड आणि पुन्हा घाव, असे हे चक्र आहे. दगड, कागद, कात्री खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला ते समजते. फरक इतकाच, की येथे निवड निमिषात करावी लागते, आणि हात कसलेला असल्याखेरीज केलेली निवड पडद्यावर उतरत नाही.

आमच्या तालमींत हेच तत्त्व 'डाव' आणि 'तोड' या दोन शब्दांनी सांगितले जाते. वस्ताद डाव शिकवितो तेव्हा त्याची तोडही शिकवितो. तोडीवाचून शिकविलेला डाव अर्धाच शिकविला असे समजावे. या जोडीकडे थोडे बारकाईने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तोड डावाला बाहेरून चिकटविलेली नसते. ती डावाच्या पोटातच असते. पट काढावयास वाकलेला मल्ल स्वतःची मान आणि पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतो. धोबीपछाड मारणारा पाठ वळवितो. डाव फसला की तीच पाठ मागून धरली जाते. कलाजंग मारणारा प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला खांद्यावर घेतो; उचल अपुरी पडली तर तोच खाली सापडतो. ज्या हालचालीने बळ येते तिनेच उघडेपणही येते. चांगल्या डावाची आमची व्याख्या हीच आहे, आणि पुढील विवेचन तिच्यावरच उभे आहे.

या कसोटीवर 'स्ट्रीट फायटर टू' घासून पाहिला म्हणजे त्याच्या यशाचे मर्म उलगडते. रियू या जपानी लढवय्याजवळ दोन प्रसिद्ध डाव आहेत. दोन्ही तळव्यांतून तो तेजाचा एक गोळा सोडतो, तो 'हादोकेन'. आणि उसळी घेऊन खालून वर ठोसा हाणतो, तो 'शोर्युकेन'. गोळा टाळण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने उडी मारावी, तर उसळीचा ठोसा त्याला हवेतच गाठतो. ही कोंडी प्रथमदर्शनी अभेद्य वाटते. पण गोळा सोडताना रियूचे हात क्षणभर गुंतलेले असतात, आणि तो क्षण आधीच ओळखून ज्याने उडी घेतली, त्याला रियू रोखू शकत नाही. उसळीचा ठोसा हुकला तर खाली येईपर्यंत रियूला काहीच करता येत नाही, आणि खाली त्याची वाट पाहणारा निवांत उभा असतो.

त्याहून मोठे उदाहरण धालसिमचे. हा या खेळातील भारतीय योगी. गळ्यात कवट्या घालणारा आणि तोंडातून अग्नी ओकणारा हा योगी आमच्या कोणत्या मठातून आला, हे कॅपकॉमच्या चित्रकारांनाच ठाऊक. या चित्रणाविषयी भारतीय वाचकाला जे वाटावयाचे ते आम्हांसही वाटते. तथापि डावांच्या रचनेकडे पाहिले तर मूळच्या आठ लढवय्यांत धालसिमइतकी स्वतंत्र कल्पना दुसरी नाही. त्याचे हातपाय रबरासारखे लांबतात. दूर उभा राहून तो प्रतिस्पर्ध्याला जवळ येऊच देत नाही. पण लांबविलेला हात परत येण्यास वेळ घेतो, लांबविलेल्या हातावरही घाव बसतो, आणि त्याची चाल संथ आहे. प्रतिस्पर्धी एकदा अंगाशी भिडला की योगीबुवांची तारांबळ उडते. याच्या दुसऱ्या टोकाला रशियन मल्ल झांगिफ. त्याची पकड साऱ्या खेळात भयंकर, पण ती लागण्यासाठी अंगाशी जावे लागते, आणि दुरून मारा करण्यास त्याच्यापाशी काहीच नाही. हे दोघे समोरासमोर आले म्हणजे सारी लढत त्यांच्यामधल्या अंतरासाठी होते. एकाला ते राखावयाचे असते, दुसऱ्याला ते गिळावयाचे असते. यात जे नाट्य आहे ते कोणत्याही लिहिलेल्या संवादाने आले नसते.

कीर्तनांतून ऐकलेली जरासंधाची कथा येथे आठवावी. भीम त्याला चिरतो आणि त्याचे दोन भाग पुन्हा जुळतात. हा डाव कोणालाही अन्यायाचा वाटावा. परंतु जरेने दोन शकले सांधून त्याला जन्म दिला होता, आणि त्याचा घातही त्या सांध्यातच होता. श्रीकृष्णाने काडी चिरून तिचे तुकडे उलटसुलट टाकले, ते भीमाला काही नवे शस्त्र देण्यासाठी नव्हे. असलेली तोड दाखविण्यासाठी. नियम पालटला नाही, दृष्टी पालटली. रचनाकार आणि वस्ताद या दोघांनीही ही कथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप उद्भवतो. असे विषम लढवय्ये एकमेकांपुढे उभे करण्यापेक्षा सर्वांस सारखेच डाव देऊन का टाकू नयेत? मग तक्रारीला जागाच उरणार नाही. या आक्षेपाचे उत्तर इतिहासाने दिले आहे. १९९२ साली या खेळाची 'चॅम्पियन एडिशन' ही सुधारित आवृत्ती आली आणि लवकरच तिच्या चोरट्या नकला निघाल्या. 'रेनबो एडिशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नकलेत उडी मारताना हवेतूनही गोळे सोडता येत, आणि लढत चालू असताना लढवय्याच बदलता येई. जे एकाला मोकळे, ते दुसऱ्यालाही मोकळे. पण पडद्यावर जो गोंधळ माजे त्यात कोणत्याच डावाला तोड राहत नसे, आणि थोड्याच वेळात कोण जिंकते याची उत्सुकताही राहत नसे. समता होती, तोल नव्हता.

भारतीय संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाचा अभ्यास केलेल्या कोणासही याचे आश्चर्य वाटणार नाही. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने अन्वर अली सरकार याच्या खटल्यात जी कसोटी विचारात घेतली ती प्रसिद्ध आहे: वर्गीकरण करावयाचे तर त्याला समजण्याजोगा भेद हवा, आणि त्या भेदाचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. असमानांना एकाच मापाने मोजणे ही समता होत नाही. त्याच १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. त्यांची जोड त्यांच्याच वजनाच्या मल्लांशी लागली, म्हणूनच त्यांच्या चपळाईचे तेज दिसले. मल्लांचे वर्ग पाडण्याची ही दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे. बाराव्या शतकात चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथात वय, आकार आणि बळ यांनुसार मल्लांचे वर्ग सांगितले. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे 'मल्लपुराण' १९६४ साली बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाले; त्यातही मल्लांची अशी प्रतवारी आहे.

आता पडद्यावरच्या खेळाची अडचण वाचकांच्या ध्यानात येईल. आखाड्यात शरीरे तोलून जोड लावता येते. डाव मात्र सर्वांना मोकळे असतात. पडद्यावर याच्या अगदी उलट. तेथे धिप्पाड झांगिफपुढे सडपातळ चुन-ली मुद्दाम उभी केलेली असते, कारण विषमतेचे दर्शन हाच त्या कलेचा हेतू. शरीरे तोलावयाची नसल्यामुळे डाव तोलावे लागतात. आखाड्यात पंचाच्या काट्याने जे काम होते, ते येथे रचनाकाराला प्रत्येक ठोशाच्या आणि प्रत्येक पकडीच्या पोटात शिरून करावे लागते. हे काम किती जिकिरीचे आहे, याची कल्पना 'पोरांचा खेळ' म्हणणाऱ्यांना नसते.

एवढी दक्षता घेऊनही एखादा डाव निघतोच, की ज्याच्या पोटात तोड नसते. 'चॅम्पियन एडिशन'मध्ये खलनायकांचा म्होरक्या खेळाडूंच्या हाती दिला गेला. जपानात त्याचे नाव व्हेगा, परदेशी आवृत्त्यांत एम. बायसन. तो इतरांच्या मानाने फारच बलिष्ठ ठरला. त्याच वर्षीच्या 'टर्बो' आवृत्तीत त्याचे बळ उतरविण्यात आले, आणि चुन-लीला गोळा, होंडा या सुमो मल्लाला वरून अंगावर कोसळण्याचा डाव, असे इतरांना नवे काही देण्यात आले. आमच्या मते हा योग्य कायदा होय. सबळाचे जेवढे काढावयाचे तेवढेच काढले, आणि दुर्बळाला स्वतःच्या स्वभावाशी जुळणारे साधन दिले.

१९९४ च्या 'सुपर टर्बो'मध्ये याहून बिकट प्रकरण उद्भवले. त्यात अकुमा नावाचा एक गुप्त लढवय्या ठेवलेला होता. इतरांनी उडी मारली म्हणजे कोठे उतरणार हे ठरून जाते आणि त्यातच उडीची तोड असते. अकुमा मात्र हवेतूनच तिरपा गोळा सोडतो आणि त्याच्या आडोशाने खाली उतरतो. डाव राहिला, तोड नाहीशी झाली. कंपनीने तो खेळ मागे घेतला नाही. पण स्पर्धा भरविणाऱ्यांनी आपसांत दंडक घातला, की अकुमा घ्यावयाचा नाही. लिखित नियमात अकुमा आहे, रूढीत नाही. १८६८ साली मदुरेच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले, की स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी धर्मशास्त्राच्या लिखित वचनाहूनही प्रभावी ठरते. खेळाडूंनी हे तत्त्व कोणत्याही विधि महाविद्यालयात न जाता आचरणात आणले, याचे आम्हांस कौतुक वाटते.

अशा वेळी प्रेक्षकावरही काही जबाबदारी येते काय? भागवताच्या दशम स्कंधात कंसाच्या आखाड्यात चाणूर आणि मुष्टिक या पहाडांपुढे दोन कोवळे कुमार उभे केले जातात, तेव्हा मथुरेच्या स्त्रिया म्हणतात, की ही विषम जोड म्हणजे अधर्म आहे आणि जी सभा तो उघड्या डोळ्यांनी पाहते तिलाही तो लागतो. शेवट कुमारांच्या बाजूने झाला, म्हणून त्या स्त्रियांचे म्हणणे खोटे ठरत नाही. समीक्षकाने अशा वेळी त्यांच्या रांगेत बसावे, असे आम्हांस वाटते.

येथवर योग्य कायद्याची उदाहरणे झाली. चुकलेल्या कायद्याचे उदाहरण पडद्यावर शोधावे लागत नाही. ते खुद्द कुस्तीतच आहे. मातीवरच्या निकाली कुस्तीत चीतपट एवढाच निकाल. तेथे पट काढणे ही केवळ सुरुवात; समोरचा जोवर चीत होत नाही, तोवर त्या पटाची किंमत शून्य. गादीवर मात्र डावाला गुण आहेत, आणि गुण ठरविणारा डावाची किंमत ठरवितो. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. एकच पट या दोन ठिकाणी दोन निराळ्या किमतींचा होतो, आणि दोन्हीकडे खेळणाऱ्या मल्लाला आपले शरीर दोन निराळ्या व्याकरणांत घडवावे लागते.

२००५ साली आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाने गादीवरील लढतीचे दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत तुकडे केले. ज्याने दोन फेऱ्या जिंकल्या तो विजयी. त्यामुळे एक फेरी ०-६ ने हरून उरलेल्या दोन १-० ने जिंकणारा मल्ल, एकूण गुण निम्म्याहून कमी असूनही, जिंकत असे. याहून वाईट पुढेच होते. मुक्त शैलीत फेरी शून्यावर बरोबरीत सुटली, की पिशवीतून रंगीत चेंडू काढावयाचा. ज्याचा रंग निघाला त्याला प्रतिस्पर्ध्याचा एक पाय आयता धरावयास मिळे, आणि तेथून अर्ध्या मिनिटाची झुंज सुरू होई. वर्षानुवर्षे घाम गाळून ज्या पटासाठी संधी शोधावयाची, तो पट एका चेंडूच्या रंगाने हाती दिला जाई! पाय देणाऱ्या मल्लाने कोणती चूक केली होती? कोणतीच नाही. त्याला मिळालेल्या शिक्षेची तोड त्याच्या विद्येत नव्हती. ती पिशवीत होती.

हा नियम तोल साधण्यासाठीच केलेला होता, हे विसरता कामा नये. बरोबरी फुटावी आणि रटाळ झुंज टळावी हा त्याचा हेतू. पण हेतू चांगला असला म्हणजे कायदा चांगला होत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिंपिकातील मुख्य खेळांतून कुस्तीला वगळण्याची शिफारस केली. त्यामागे कारणे अनेक होती. सामान्य प्रेक्षकाला न उमगणारे नियम हे त्यांतील एक सांगितले गेले. महासंघाचे अध्यक्ष पायउतार झाले आणि त्याच वर्षी नियम पालटले. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दोन्हींतील गुणांची बेरीज, आणि प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळविण्यास एकाऐवजी दोन गुण. चेंडूची पिशवी गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये कुस्तीला ऑलिंपिकात पुन्हा जागा मिळाली. आक्रमण करणाऱ्या डावाची किंमत वाढविणे आणि नशिबाची किंमत काढून टाकणे, या दोन गोष्टींत त्या सुधारणेचे सार आहे.

चुकलेल्या कायद्याइतकाच उतावळा कायदाही घातक असतो. पूर्वी यंत्रातला खेळ बदलावयाचा तर नवी आवृत्ती काढावी लागे; आता इंटरनेटवरून रातोरात डाव पालटता येतात. बांदाई नामको या कंपनीचा 'टेकन एट' हा खेळ २०२४ च्या जानेवारीत आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या पर्वाच्या सुधारणा आल्या आणि खेळाडूंत मोठा असंतोष उसळला. तक्रार अशी, की आक्रमणाचे बळ फार वाढले, बचावाला जागा उरली नाही, आणि प्रत्येक लढवय्याची जी ठरलेली उणीव होती ती बुजवून सर्वांना एकाच साच्यात ओतले गेले. कंपनीला तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर उणिवा बुजविण्याच्या भरात डावांच्या पोटातल्या तोडीच बुजविल्या गेल्या.

यात न्यायाचा आणखी एक मुद्दा आहे. घडून गेलेल्या कृत्याला नंतर केलेल्या कायद्याने गुन्हा ठरविता येत नाही, असे संविधानाचा २० वा अनुच्छेद सांगतो. कारण मनुष्य आपले वर्तन असलेल्या कायद्याच्या भरवशावर आखतो. डाव घोटणारा खेळाडूही असाच भरवसा धरून महिनोन्महिने मेहनत करतो. त्याच्या कमाईवर एका रात्रीत पाणी सोडावयाचे असेल तर तसे कारण हवे. उलट 'सुपर टर्बो'कडे पाहावे. २००८ साली त्याची 'एचडी रीमिक्स' ही नवी आवृत्ती काढण्यात आली. अनेक डाव नव्याने तोलण्यात आले, काहींसाठी दांडी फिरविण्याची कसरत सोपी करण्यात आली. तरीही १९९४ चा जुनाच खेळ खेळणारे टिकून राहिले. त्यात दोष नाहीत म्हणून नव्हे. त्या दोषांसह तो खेळ त्यांनी इतका खोलवर जाणून घेतला होता, की त्यांना तो सोडवेना.

मग प्रत्येक तक्रार ऐकावी, की एकही ऐकू नये? १९९७ च्या 'टेकन थ्री'मध्ये एडी गोर्डो नावाचा ब्राझिली लढवय्या आला. त्याची विद्या कापोएइरा. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी ब्राझिलात घडविलेली, आणि १८९० च्या तेथील दंडसंहितेने गुन्हा ठरविलेली. पोर्तुगीज अमलाच्या दूरच्या टोकाला नृत्याच्या मिषाने जगलेली ही लढाई गोव्याच्या वाचकांस विशेष वेधक वाटावी. एडीविषयी पार्लरांतून एकच ओरड होती: नवशिक्याने डोळे मिटून लाथांच्या कळा बडविल्या तरी तो जिंकतो! तक्रार खरी होती, पण अर्धी. कळा बडवून जिंकता येई ते दुसऱ्या नवशिक्यावर. जाणता खेळाडू त्या गिरक्या शांतपणे थोपवी, त्यांतली पोकळी ओळखे आणि तेथेच घाव घाली. तोड होती, ओरडणाऱ्यांनी ती शोधली नव्हती. न्यायालयात जो आरोप करतो त्याच्यावर तो सिद्ध करण्याचा भार असतो. 'हा डाव अन्याय्य आहे' असे म्हणणाऱ्यानेही आपण त्याची तोड कोठे कोठे शोधली, हे आधी सांगावे. अकुमाच्या बाबतीत खेळाडूंनी हा भार उचलला होता, म्हणूनच त्यांचा दंडक टिकला.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. डाव सारखे नसावेत. प्रत्येक डावाच्या बळातूनच त्याची तोड निघावी. ती आहे तोवर नियमकर्त्याने हात आखडता घ्यावा आणि काम वस्तादावर सोपवावे. ती नाही असे कसून शोधल्यावर ठरले, तर मात्र त्याने कचरू नये. आणि दुरुस्ती करताना चिठ्ठ्या टाकून न्याय देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ काढून दाखविले, की आपल्या पुराणकथांतून आणि आपल्या चित्रशैलींतून असे खेळ येथेच घडू शकतात. त्या खेळातील नायिकेला देवांकडून त्रिशूळ आणि धनुष्य मिळते. रिकाम्या हातांची विद्याही अशीच कोणी पडद्यावर आणावी, आणि तिच्यात ढाक, पट, घिस्सा, मोळी यांना त्यांच्या खऱ्या तोडींसह जागा द्यावी, अशी आमची इच्छा आहे. ज्याच्या मनात हे काम येईल त्याने चित्रकार आणि यंत्रज्ञ गोळा करण्यापूर्वी वर्षभर एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर बसावे. तेथे डाव कसा लागतो हे त्याला पहिल्या आठवड्यात दिसेल. तो कसा सुटतो हे समजण्यास उरलेले वर्ष लागेल, आणि त्याच्या खेळाचे बरेवाईट त्यावरच ठरेल.